रेसवाल्यांच्या यादीत माझी मिनीडोर

चेष्टा कधी आपल्याच ताटावर येते ते ऐका. नात सायली कॉलेजचा प्रोजेक्ट घेऊन मुरुडला आली होती. मोटारींच्या शर्यतीत धावणारे किती कमावतात, त्याचा अंदाज काढायचा होता.

"आजोबा, शर्यती किती, जिंकल्या किती, अपघात किती, एवढं टाकलं की कॉम्प्युटर कमाईचा अंदाज सांगतो. याला रिग्रेशन म्हणतात."

"मग माझीपण काढ!" मी चाळीस वर्षं आगरदांड्याच्या जेट्टीला मिनीडोर रिक्षा हाकतोय.

"शर्यती किती?"

"रोजच्या सहा फेऱ्या, धर चाळीस वर्षांच्या."

"जिंकल्या?"

"सगळ्या! जेट्टीवर माझ्याआधी कोण पोचलाय? अपघात शून्य लिही, बकरी धरू नको."

पोरीने हसत बटण दाबलं. वर्षाला दहा कोटी! मी तो आकडा मुद्दाम ओरडून वाचला.

बायको मासे कापायची कोयती घेऊनच बाहेर आली. "दहा कोटी? आणि मला भाजीला पन्नास? पैसे काढा, तोवर म्हावरं बंद!"

"अगो, मशीन चुकलंय! सायली, सांग ना आजीला!"

सायली म्हणाली, "आजी, त्याने फक्त रेसवाले बघितलेत. रिक्षावाल्याचं त्याला काय कळणार? त्यात आजोबांनी आकडे फुगवलेत."

"ते म्हाईत हाय गो. ह्यांचा कुठलापण आकडा मी दहाने भागूनच धरते."

मी म्हटलं, सुटलो! तर कारटीने खरंच दहाने भागलं, आणि वर एक कोटी उरलाच.

आठ दिवस झाले. बायको रोज वरणभात वाढते आणि म्हणते, "तो एक तरी काढा!"