कात्री खालून लागते

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आजचे सत्कारमूर्ती आणि त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, वृत्तपत्राचे मालक, क्रीडा विभागातली मंडळी, आणि मागच्या रांगा अडवून बसलेल्या माझ्या मुलींनो,

क्रीडासंपादक आज निवृत्त होताहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनी त्यांना खेळांचं चालतंबोलतं ग्रंथालय म्हटलं. मी आयुष्यभर वजनं उचलली, आता मुलींना उचलायला शिकवते; पण एवढं जड वाक्य मला पेलायचं नाही. मी आपली साधं सांगते.

साहेबांनी माझ्यावर पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा मी अजिंक्यपद मिळवलं होतं. मथळा होता, ‘दोन लेकरांची आई, तरीही विजयी!’ जणू लेकरं बारला लोंबकळत होती. त्याखाली चौकट, ‘मैदानातून माजघरात’. ही चौकट साहेबांची स्वतःची निर्मिती. बाई जिंकली की चौकट आलीच. स्वयंपाक कोण करतं, सासूबाई काय म्हणतात, आवडता रंग कोणता.

छायाचित्रकार घरी आला, तेव्हा ओट्यापाशी आमचे हे कांदा चिरत होते. आमच्याकडे स्वयंपाक तेच करतात. छायाचित्रकार म्हणाला, “दादा, जरा बाहेर थांबता का? मध्ये येताय.” ह्यांनी सुरी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, “धार खालच्या बाजूला असते.” दुसऱ्या दिवशी फोटो आला. डोळे भरलेले, हातात सुरी. खाली ओळ होती, ‘आनंदाश्रू’.

मी किती वजन उचललं, ते मात्र कुठेच नव्हतं. मी फोन केला. साहेब अतिशय सौजन्याने म्हणाले, “बाई, तुमचा आकडा शेवटच्या परिच्छेदात होता. जागा कमी पडली की कात्री खालून लागते. त्यात कुणाचा आकस नसतो.”

“मग चौकट का नाही कापली?”

“चौकट कशी कापणार? चौकट आहे ती!”

त्याच पानावर एका पैलवानाची बातमी होती. त्याचं वजन, छाती, डाव, सगळं वरच्या परिच्छेदात. त्यालाही दोन मुलं आहेत, हे मला पुढे त्याच्या बायकोकडून कळलं. पेपरला बहुधा अजून कळलेलं नाही.

हे सारं हसण्यावारी नेलं असतं. नेत होतेच. पण मागून तिसऱ्या रांगेतली ती मुलगी बघा. ऊठ गं चिमणी, लाजू नकोस. गेल्या वर्षी ही पहिली आली. वार्ताहर घरी गेला, आईला विचारलं, “लग्नाचं काय?” आई म्हणाली, “बघू.” आता कुठल्या आईने याहून वेगळं काय बोलावं? सकाळी मथळा, ‘सुवर्णकन्या लवकरच बोहल्यावर’. आठवड्याने संघाची निवड झाली, त्यात चिमणी नाही. का? लग्न होऊन जाणारी मुलगी, जागा कशाला अडवायची?

त्या निवड समितीचे अध्यक्ष आज या समारंभाचेही अध्यक्ष आहेत. महोदय, पाणी नंतर प्या. तुम्हीच मला म्हणालात, “पेपरात आलं होतं हो.” स्पर्धेचा निकाल तुमच्या टेबलावर होता. पण घरी रोज येणाऱ्यावर माणसाचा विश्वास जास्त, त्याला तुम्ही तरी काय करणार?

उद्या दुपारी पुन्हा निवड आहे. आज सकाळी हिने एकशे बारा किलो उचलले. हिच्या गटात आपल्याकडे आजवर कुणी उचलले नव्हते. आणि संध्याकाळी वार्ताहर घरी हजर! कोण ते सांगत नाही, दाराशी उभा राहून बूट न्याहाळतोय. त्याने विचारलं, “मग काकू, मुलगा बघितला का?” काकू आता शहाण्या झाल्यात. म्हणाल्या, “एक बघितलाय. तो एकशे बारा उचलतो का, तेवढं बघायचं राहिलंय.”

साहेब, तुमचं शेवटचं पान आज रात्री छपाईला लागतंय. उद्या ते अध्यक्षांच्या हातात असेल आणि तुम्ही घरी. म्हणून आत्ताच, सगळ्यांसमोर विचारते. त्या पानावर काय आहे? आकडा, की बोहलं?

वहिनींनी कोपर मारलं, मी पाहिलं.

थांबा. साहेब उठले. मंडळी, टाळ्या नकोत, ते फोन लावताहेत. मागे ऐकू येत नसेल, मी सांगते. म्हणताहेत, “चौकट काढून टाक... हो, माझीच आहे, मीच सांगतोय... जागा उरली तर बार डोक्यावर असलेला फोटो घे, मोठा... मथळ्यात आकडा... नाही रे, वयाचा नाही!”

साहेब, मी निरोपाचं भाषण पाठ करून आले होते. तुम्ही आणखी वर्षभर राहायला हवं होतं, हे वाक्य त्यात नव्हतं. आत्ता सुचलं.

वहिनी, आता हे तुमच्या स्वाधीन. संयोजकांनी माझ्या हाती माईक देण्याचं धाडस केलं, त्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. चुकलंमाकलं ते माझं. एकशे बारा तिचे.