मित्राच्या खेळीला उत्तर

मित्राचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते. टपालातून चाललेल्या बुद्धिबळाच्या डावात त्याने वजीर पुढे आणला होता आणि खाली लिहिलं होतं, "लवकर कळव, हल्ली हात थरथरतो." तोडीस तोड खेळी सापडल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, म्हणून निवृत्त ग्रंथपाल पुस्तकांमागून पुस्तकं वाचत होते. आजही ते नवं पुस्तक मागवायलाच टपाल कचेरीच्या रांगेत उभे होते. पुढे दोन बहिणी बोलत होत्या.

"ताई, बाबांचा पट आवरलास का गं?"

"नाही. बाबा जाऊन पंधरवडा झाला, तरी हात लावायचा धीर होत नाही. डाव अर्धाच आहे."

"कुणाशी खेळायचे?"

"स्वतःशीच. सत्तरीत शिकायला बसले. काका दर रविवारी विचारायचे, येऊ का खेळायला? बाबांचं आपलं एकच, अजून हात बसला नाही, पुढच्या महिन्यात ये."

"काकांना हरवायचं होतं होय?"

"काकांना कुठे खेळता येतंय? काकू गेल्यापासून घर खायला उठतं त्यांना."

"आता काय म्हणतात?"

"काल येऊन पटासमोर बसले. म्हणाले, आता खेळी कुणाची आहे?"

"मग?"

"मला कुठे कळतंय त्यातलं."

रांग सरकली. खिडकीतल्या ओळखीच्या कारकुनाने विचारलं,

"पुस्तकाची मनीऑर्डर ना, आजोबा?"

"नको. एक कार्ड द्या."

खिडकीशीच उभं राहून त्यांनी लिहिलं, "घोडा मागे घेतो. खेळी कच्चीच आहे. तू कसा आहेस?" आणि दुसरा विचार मनात यायच्या आत कार्ड पेटीत टाकलं.