आरसा झाकलेलं सलून

अण्णा : दोन खुर्च्या विकल्यास, ते फोनवर कळलं होतं. पण आरशावर चादर कशाला?

लेक : हळू बोला, अण्णा. आत्ता एक मुलगा येतोय केस कापायला. त्याला आरशाची भीती वाटते. वाटेनाशी झाली की काढू चादर.

अण्णा : गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी थोरल्याकडे जाऊन राहिलो काय, तू माझ्या सलूनची पार रया घालवलीस. शनिवारी इथे उभं राहायला जागा नसायची. आज रेडिओसुद्धा बंद.

लेक : त्या गर्दीतच तर सुरुवात झाली. एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मी मशीन लावलं आणि पोरगी कानांवर हात दाबून जी ओरडायला लागली, ती थांबेचना. एक गिऱ्हाईक म्हणालं, अशा मुलांना घरी ठेवावं. त्या बाई मुलीला उचलून निघून गेल्या.

अण्णा : मग?

लेक : पत्ता काढून घरी गेले त्यांच्या. मशीन नाही, नुसती कातर घेऊन. मुलगी जमिनीवर ठोकळे मांडत होती, मीही मांडत बसले. निघायच्या वेळी तिने कपाळावरची एक बट कापू दिली. त्या बाईंनी ओळखीतल्या, अशाच मुलांच्या आयांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. आधी सुट्टीचा वार त्यांना दिला, मग दुपारी दिल्या. आता सगळं सलूनच त्यांचं. एका वेळी एकच मूल.

अण्णा : अगं, पण अशी मुलं असून असणार किती? तेवढ्यावर दुकान चालतं होय?

लेक : मलाही तीच धास्ती होती. पण लोक लांबून लांबून येतात, अण्णा. ज्यांना कुठेच धड वागवत नाहीत, ते एकदा आले की दुसरीकडे जात नाहीत. पुढचा महिना आत्ताच भरलाय.

अण्णा : आणि आपली जुनी माणसं?

लेक : कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये पाठवली. वकीलकाका तर रस्त्यात भेटले तरी बघत नाहीत माझ्याकडे.

अण्णा : बघतील. डोक्यावर राहिलंय काय त्यांच्या, रुसून रुसणार किती?

(दार हळूच उघडतं. एक बाई आत येतात. त्यांच्यामागून कान झाकतील एवढे केस वाढलेला नऊ-दहा वर्षांचा मुलगा येतो आणि थेट टेबलाखाली शिरतो.)

मुलाची आई : ताई, आज जरा बिनसलंय त्याचं. वाटेत कुणीतरी कानाशी हॉर्न वाजवला.

लेक : असू दे. सोन्या, तिथे बसायचंय? बरं. मीच येते टेबलाखाली.

अण्णा : मी बाहेर जाऊ का गं?

लेक : बसा. फक्त मध्येच उठू नका.

मुलाची आई : तुम्ही वडील ना ताईंचे? आम्ही बरेचदा आलो इथे, पण अजून एक केस कापून झालेला नाही. एकदा नुसता खोलीभर हिंडला. एकदा कंगवा हातात घेऊन बसला. ताई आपल्या म्हणतात, पुढच्या आठवड्यात या.

अण्णा : त्याआधी कुठे कापायचात?

मुलाची आई : घरीच, झोपेत. मी टॉर्च धरायची, याचे बाबा वरवर कापायचे, कानांवरचे तसेच राहायचे. एकदा मध्येच जागा झाला. तेव्हापासून डोक्याला हात लावू देत नाही. माझासुद्धा.

लेक : सोन्या, ही कातर. आधी हवेत कापते, आवाज ऐक. आता मानेला कंगवा टेकवते. टेकवला. काढला. परत? नको? थांबले. तू सांगशील तेव्हा.

मुलाची आई : नाहीच होणार आज.

अण्णा : थांबा. त्याने मान पुढे केलीय.

मुलाची आई : मला बघवत नाही. तुम्हीच सांगा.

अण्णा : आडवी पडून कापतेय ही. ना उजेड धड, ना हाताला जागा. मानेवरचे गेले बघा. आता कानाशी आलीय. पात्याखाली स्वतःचं बोट धरलंय, गार लोखंड त्याला लागू नये म्हणून. हे मी नाही हो शिकवलं.

मुलाची आई : मग कुणी?

अण्णा : याच पोरांनी शिकवलं असेल. मी गावभर सांगत फिरायचो, पोरगी माझ्या हाताखाली तयार झाली म्हणून. आता जरा जपून सांगावं लागेल.

लेक : एक बाजू झाली, सोन्या. बास करू? काय? हीपण? बरं, वळ इकडे.

अण्णा : स्वतःहून वळला तो.

लेक : झालं. या आता बाहेर, साहेब. मागे थोडं वरखाली राहिलंय, बाई. पुढच्या वेळी सारखं करू.

मुलाची आई : राहू दे तसंच. ताई, याचे कान अगदी याच्या बाबांसारखे आहेत. मला माहीतच नव्हतं.