डोमाजीचा डावा जबडा

फुलचंद : आता परकार लावून पाहा, मावशी. केसापासून भुवईपर्यंत एक भाग, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत एक, तिथून हनुवटीपर्यंत एक. तिन्ही सारखे. दोन डोळ्याच्या मधात बरोबर एक डोळा बसते. एवढं मापात काम पुसदात कोनी करत नाही.

कांताबाई : माप मले नाही समजत, दादा. पन हे आमच्या घरचे नाहीत.

रवी : माय, मातीचं हाय अजून. रंग चढला की वाटतीन बाबा.

कांताबाई : रंगानं जबडा वाकडा होते का?

फुलचंद : वाकडा?

कांताबाई : डावा. आत दबला होता त्यायचा. ओठबी तिकडंच ओढलेला. मरेपर्यंत एकाच दाढेनं भाकर चावली त्यायनं. तुमाले नाही सांगतलं कोनी?

फुलचंद : मले रवीभाऊनं देल्ले ते सारे फोटो उजव्या बाजूचे.

कांताबाई : फोटोले तसेच बसत ते. मान फिरवून.

फुलचंद : मंग डावी बाजू मी उजवीवरून घेतली. आमच्या कामात तसंच असते, दोन्ही बाजू सारख्या धरतो. भाऊले इचारलंबी होतं मी, डावीकडं काही खून, काही व्रन?

कांताबाई : मंग काय म्हनला हा?

(फुलचंद ओला फडका पिळत रवीकडे पाहतो.)

रवी : काहीच नाही, असं म्हनलं मी. वाचनालयासमोर बसन पुतळा. शाळेतले लेकरं पाहतीन. बाबा चांगले नको का दिसाले?

कांताबाई : लेकरायसाठी नाही केलं तू. रामराव येऊन राह्यला ना हार घालाले?

रवी : आता पॅनल एक हाय आमचं. जुनं कुठवर उकरत बसा लागते?

कांताबाई : फुलचंददादा, चौदा एप्रिलची मिरवनूक यायनं पहिल्यांदा मेन रस्त्यानं नेली. रामरावच्या घरासमोर आली तं त्यानं काठी घातली तोंडावर. यवतमाळच्या दवाखान्यात तार बांधली, पन हाड वाकडंच जुडलं. चमच्यानं पेज पाजली मी. हा पोटात होता माह्या.

रवी : रामरावनं माफी मागतली, माय.

कांताबाई : कोनाले?

रवी : मले.

कांताबाई : तुह्या जबड्याले काय झालतं?

रवी : तो म्हनला, वाकडं तोंड ठेवसान तं मी येत नाही. तो नाही आला तं त्याचे लोकं मत देत नाहीत. सरपंच झालो तं आपल्या वस्तीत नळ येईन. बाबाले दुसरं काय पाह्यजे होतं?

कांताबाई : म्हंजे त्याच्याच हातानं मोडला, अन् त्याच्याच म्हन्यानं तू सरळ केला.

फुलचंद : माती ओली हाय, मावशी. अंगठ्यानं दाबलं तरी जबडा आत जाईन. पन भाऊ हो म्हनले पायजे. काम त्यायचं हाय.

रवी : हाय तसाच साचा काढून टाका, फुलचंदभाऊ. आजच काढा.

कांताबाई : काढा, दादा. वाचनालयावरूनच पान्याले जा लागते मले. परक्या मानसासमोरून जाते बाई, तसी डोक्यावर पदर घेऊन निघून जाईन.