लिनक्सला उजवी पाकळी

नको नको, उठू नका भिकाजीबाब, बसल्या बसल्या ते कदेलच इकडे ओढा, म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा दिसेल — बायकामाणसं आत गेलीत, तुमच्या साईशची आई नि आमची पद्मावती, त्यांचं बोलणं संपेपर्यंत आपल्याला कोण विचारतो? तर काय सांगत होतो — हां, लिनक्स! लिनक्स म्हणजे काय? तर कॉम्प्युटर चालवतं ते. आपल्या सगळ्यांकडे विंडोज असतं ना, त्याच्या जागी हे. नि फुकट! खाणीच्या हपिसात मी उभा जन्म टायपिंग केलं, पण असली मजा बघितली नव्हती. हे मशीन इतकं रखडायचं की मी चालू करून न्हायला जायचो, न्हाऊन आलो तरी हे आपलं गरगर फिरतंय. मागीर सुविधा म्हणाली, बाबा, ह्याच्यावर लिनक्स घालूया — नि हे पुस्तक आणून दिलं, नवशिक्यांसाठीचं. पहिल्याच पानावर लिहिलंय, घाबरू नका. मी घाबरलोच! न घाबरण्यासारखं असतं तर कशाला लिहिलं असतं?

पण गंमत बघा. एकदम घालायचं नाही. आधी पेनड्राईव्हवरून चालवून बघायचं — हा, हाच पेनड्राईव्ह, मागे खोचलेला. मशीनला धक्का नाही, आतलं सगळं जिथल्या तिथे, नि वर लिनक्स नाचतंय! पडद्यावर हे काळं जनेल दिसतं ना, खिडकीसारखं, ह्यात पी-डब्ल्यू-डी मारायचं. म्हणजे काय? म्हणजे मी कुठे आहे? नि तो सांगतो, तुम्ही इथे आहात! ह्या वयात असं सांगणारं कोण भेटतं हो? नि सी-डी मारून दोन टिंबं दिली की एक पायरी वर. सुविधा माझ्या बाजूला ह्या स्टुलावर बसते, चुकलं की बोटावर चापट मारते. मारते म्हणजे काय, खरोखर मारते! चेडू हुशार, पण तापट — हे तुम्हाला सांगायला नको होतं, नाही? जाऊ द्या. जेवण बरं करते.

खोड एकच. बंद केलं की सगळं पुसतं. आज केलेलं फोल्डर उद्या नाही. तिथलं घरसुद्धा, होम फोल्डर म्हणतात ते, माझ्या नावाचं नाही, कुणा पाहुण्याच्या नावाचं. म्हणून रोज संध्याकाळी ती कामावरून आली की पहिल्यापासून — बाबा, काल सांगितलं ते विसरलात? विसरलो गो. परत सांग. — कसला विसरतोय! मला येतं हो सगळं. हे पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलंय, समोर बसून करून दाखवतो हवं तर. पण येतं म्हटलं की ती स्टूल उचलून आत जाईल ना? तिला सांगू नका हां. शपथ आहे.

मग कायमचं घालत का नाही? तेच पद्मावती विचारते. घालायला देवाची आडकाठी नाही, देवानं तर उजवी दिलीय! गेल्या सोमवारीच गेलो होतो देवळात प्रसाद घ्यायला. तुमच्याकडेही घेतातच, विहीर खणायची तरी आपण पाकळ्या लावून विचारतो, उजवी पडली की होकार. भट म्हणाला, गोकुळदास, काय विचारू देवाला? नि मी उभा. मला घरून पाठवलं होतं ते सुविधाचं विचारायला, चेडवाला तुमच्या हळर्णाला देऊ काय, एवढंच. पण जीभच उचलेना हो. मागे माणसं खोळंबलेली, भट बघतोय, नि तोंडातून निघालं काय — मशीनवर लिनक्स घालू काय? भटानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा देवाकडे, नि घातलं गाऱ्हाणं. पडली की उजवी, बोलता बोलता! घरी आलो तर पद्मावती दारात. काय दिलं देवानं? मी म्हटलं, उजवी. खोटं कुठे बोललो? नि तिनं तिथूनच तुम्हाला फोन —

अरे.

काय बोललो मी आता?

भिकाजीबाब, तुम्ही चहा खाली ठेवलात. रागावलात? आत जाऊन सांगू, की प्रसाद दुसऱ्याच कामाला घेतलेला, म्हणून? पद्मावती मला उंबऱ्यावर उभं करणार नाही. नि साईश चांगला आहे हो, मला आवडला, तीच तर पंचाईत. खोट काढायला गेलो, एक सापडेना. चेडवालाही आवडलाय — तुम्ही येणार म्हटल्यापासून मला चापट नाही, काही नाही, चुकलं तरी हसते. मला सहन होत नाही ते. स्टूल रिकामं होणार म्हणून जीव थोडा थोडा होतो, झालं, सांगून टाकलं.

हसताय? हसताय ना! बघा, मी म्हणतच होतो, हळर्णची माणसं मनाची मोठी. नि मला सांगा, देव काय एवढा भोळा आहे? माणूस देवळात उभा राहून घाम पुसतोय, तो काय मशीनसाठी? त्याला कळलं नसेल, कशाचं विचारतोय ते? कळलंच असणार. कळूनच उजवी दिली.

थांबा. तुमच्यासमोरच कायमचं घालायचं बटण दाबतो. हे बघा, विचारतोय, आधीचं सगळं पुसू? पूस बाबा. फोटो सुविधानं आधीच बाजूला काढून ठेवलेत. खात्री आहे? आहे रे, आहे. हां... सुटला! आता पाठी फिरणं नाही. नि हे काय — माझं नाव मागतोय! घराला नाव माझं! जी, ओ, के —

कोण गो? सुविधा? ऐकत होतीस तिथे उभी राहून? ... स्टूल नको गो आणू. आत जा, साईशच्या आईकडे बस. मला येतं.