एका बाटलीचं गाव

हसू नका, पण आमच्या गावात एका वेळी एकच माणूस आजारी पडू शकत होता.

लोकल बोर्डाचा दवाखाना जांबोटीत. औषध फुकट, पण बाटली आपली न्यायची. पितळी तांब्यात औषध खराब हुतंय म्हणून डॉक्टर घालून द्यायचे न्हाईत. आन् आख्ख्या गावात काचेची बाटली एकच. एक जण बरा झाला की बाटली धुऊन दुसऱ्याच्या घरी जायची.

आमची आक्का थंडीतापानं पडली, तवा बाटली तुकाअण्णाकडं होती.

मी जाऊन विचारलं, "अण्णा, बरं वाटतंय न्हवं?"

"न्हाय रं. एवढ्यात तरी मी काय बरा हुत न्हाय."

इकडं आक्काला डोळं उघडवंनात. मी तसाच पळत जांबोटीला गेलतो. तिथं बोर्डाचा साहेब तपासणीला आलता. माझं गाव कळल्यावर डॉक्टरला म्हणाला, "या गावातनं कधीही बघा, एकच रोगी. एवढं निरोगी गाव! मग दवाखान्यावर खर्च कशाला?"

मी म्हटलं, "सायेब, आजारी लई हाईत. बाटली एकच हाय."

साहेब हातातलं सोडावाटर घटाघट प्याला आन् रिकामी बाटली डॉक्टरपुढं ठेवली. "भरा."

आठवड्यात आक्का उठून भाकऱ्या थापायला लागली. साहेबाची बाटलीबी गावातच राहिली.

पुढच्या साली नवा साहेब आला. कपाळाला आठ्या घालून डॉक्टरला म्हणाला, "त्या गावात चाललंय काय? रोग दुप्पट झालाय!"