फक्कीचा पूल

सुंदरराव : ...म्हणून म्हणतो, घोषणा मीच करणार. सरपंच असताना सगळी उमर माईकवर काढली. आता ठेसनाची घोषणा दुसऱ्यानं केलेली मला सोसायची न्हाई.

राजनंदिनी : तुम्हीच करा हो तात्या. फक्त मी सांगेन तेवढंच बोला. आणि आधी सगळ्यांना कळू द्या, काय चाललंय ते.

(दिंद्रुडच्या शाळेचं मैदान, रविवारची सकाळ. फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी जंक्शनच्या नव्या स्टेशनाचा आराखडा खऱ्या मापात जमिनीवर आखला आहे. निम्मं गाव बोचकी, पेट्या घेऊन उभं आहे. राजनंदिनीची आई रुक्मिणीबाई लांब लिंबाखाली बसली आहे.)

सुंदरराव : ऐका रे! जंक्शनचं ठेसन मोठं व्हायलंय. त्याचा नकाशा आपल्या शहादेवच्या पोरीच्या, ह्या राजनंदिनीच्या हापिसात बनायलाय. कागदावर बघून आपल्याला घंटा कळत न्हाई, म्हणून पोरीनं आख्खं ठेसन मैदानात आणलंय. ह्या लांब रेघा म्हंजे फलाट. हे दोन पट्टे म्हंजे पूल. आन् पूल म्हंजे पूल! रेघंच्या भाईर पाय पडला की माणूस थेट रुळावर. समजलं का बे सुग्रीव? तू तर आत्ताच मेलास. मागं हो.

राजनंदिनी : दोन पूल कशाला, ते पण सांगा.

सुंदरराव : हां. एक अरुंद, एक रुंद. अरुंद कावून? तर पुलावर दोन्ही अंगांनी दुकानं पाहिजेत म्हणतेत वरचे साहेब. रुंद आपल्या पोरीचा. मंगळवारी जंक्शनला लोकांचं म्हणणं ऐकणारेत, त्यात काय ते ठरंल. तवा आज आधी अरुंदावरून चालायचं. गावाला निघाल्यावाणी चाला, नाटकातल्यावाणी नको. थांबा, मी घसा साफ करतो.

राजनंदिनी : तोवर मी आईला घेऊन येते... आई, चल ना गं.

रुक्मिणीबाई : मी हितंच बरी हाय. सावली हाय.

राजनंदिनी : बाबा बघ, डोक्यावर गादी घेऊन सगळ्यांच्या पुढं उभे आहेत.

रुक्मिणीबाई : त्यांला लई हौस. लग्नात घोड्यावरून खाली उतरंनात, चार जणांनी वढून काढलं. तू तुझं काम कर जा.

राजनंदिनी : खरं स्टेशन नाही ते. फक्की आहे. झाडली की गेली.

रुक्मिणीबाई : मला काय दिसत न्हाई का? तरी बी नको वाटतं. तू ल्हान होतीस तवा जंक्शनचा पूल असाच होता बघ, त्या बारक्या पट्ट्यावाणी. तुझ्या आत्याच्या लग्नाला निघालतो आपण. दोन्हीकडनं गाड्या आल्या. पुढून लोंढा, मागून लोंढा, आन् तुझा हात सुटला. मी वरडायले, तर माझाच आवाज मला ऐकू येईना.

राजनंदिनी : सापडले ना पण मी.

रुक्मिणीबाई : सापडलीस. त्या मधल्या येळात माझं काय झालं, ते तुला न्हाई कळायचं. तवापासून ठेसनात पाय न्हाई ठिवला.

राजनंदिनी : आणि म्हणून शहरातली माझी खोली पाहिली नाहीस. नोकरी लागून दोन दिवाळ्या गेल्या. एस.टी. तुला लागते म्हणून एस.टी.नं नाही, आणि रेल्वेनं तर नाहीच.

रुक्मिणीबाई : फोनवर बघितली की. भांडी घासायची मोरी लई बारकी हाय.

राजनंदिनी : आई, एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. त्या दिवशी मी रडलेच नव्हते.

रुक्मिणीबाई : आँ?

राजनंदिनी : एका हमालानं मला उचललं आणि पार्सलच्या हातगाड्यावर बसवलं, पोत्यांच्या पार वर. तिथून सगळं दिसत होतं. दोन रूळ कुठं एक होतात, एकाचे परत दोन कुठं होतात... हे एवढं सगळं कुणी मांडलं असेल, असं वाटलं. या कामाचं वेड तिथूनच लागलं मला.

रुक्मिणीबाई : आन् मी हिकडं मरायलते!

राजनंदिनी : हो ना. मी बिस्कीट खात होते.

रुक्मिणीबाई : बिस्कीट! बघा बाई हिचं! मी आपली समजायले, पोरीच्या काळजात भीती बसली आसंल. म्हणून उभ्या जन्मात इषय काढला न्हाई.

राजनंदिनी : आणि मला वाटायचं, मजा आली म्हटलं तर तू चिडशील.

रुक्मिणीबाई : चिडलेच असते. कसलं बिस्कीट होतं?

राजनंदिनी : गोड. मधे मलई असलेलं.

सुंदरराव : प्रवासी बंधू-भगिनींनो, ध्यान द्या! फलाट दोनवर येणारी गाडी... फलाट तीनवर येणार हाय! जल्दी करा, सुटायली!

राजनंदिनी : तात्या! फलाट बदला म्हणून मी कुठं सांगितलं?

सुंदरराव : खरं वाटावं म्हणून बदलला! पळा! आन् तिकडल्या लोकांनो, तुमची गाडी हिकडं आली, तुमी हिकडं पळा!

राजनंदिनी : दोन्हीकडनं सोडू नका! अहो, पुलाच्या मधोमध अडकले सगळे!

सुंदरराव : आयला, खरंच अडकले की! शहादेव, गादी टाक खाली! छबुबाई, कोपर मारू नका!

राजनंदिनी : आई, तू बस, मी बघते त्यांच्याकडं... आई? अगं कुठं निघालीस?

रुक्मिणीबाई : सरका! सरका म्हणते ना! लेकरं हायेत मधी! सुग्रीव, ती पोरगी उचल, खांद्यावर घे. मागच्यांनो, जागच्या जागी थांबा, कुणी रेटू नका. पुढच्यांनो, आधी तुमी मोकळे व्हा. हां. आस्सं. आता बाकीचे या, एकामागं एक.

सुंदरराव : वहिनी... तुमी पुलावर हायसा.

रुक्मिणीबाई : कसला पूल, फक्की हाय. ही पोरगी कुणाची? स्वप्नालीची का? दे बरं हिकडं. अगं बया, ही तर हासायली!

राजनंदिनी : तिला गंमत वाटली, आई.

रुक्मिणीबाई : ह्या पोरींना काय बी गंमत वाटती.

सुंदरराव : चुकी माझी झाली. उगं फलाट बदलला.

रुक्मिणीबाई : तुमच्या हातात माईक आला की तुमाला निवडणूकच दिसती, भावजी. आता असं करा. सगळ्यांना रुंदावर घ्या, आन् तसंच म्हणा परत. दोन्ही गाड्या आल्या म्हणा.

सुंदरराव : नक्की म्हणू?

रुक्मिणीबाई : म्हणा की. बघू तर, माझ्या लेकीनं काय केलंय ते. मी बी चालते.

०

(मंगळवार. जंक्शनच्या स्टेशनाबाहेर, सुनावणी संपल्यावर.)

सुंदरराव : काय बोलल्या वहिनी आज! मी चार दिसांपासून भाषण पाठ करायलतो. आता गावात जाऊन सांगू काय? मंगळवारी जंक्शनला सुनावणी झाली, आन् सुंदररावला टाळ्या वाजवायचं काम लागलं?

रुक्मिणीबाई : मी कुठं भाषण केलं? घडलं ते सांगितलं.

राजनंदिनी : आधी हात सुटला ते सांगितलंस. आणि लगेच बिस्किटाचं सांगून हसवलंस. मग मागचे ते आजोबा उठले, मग त्या मास्तरीणबाई... त्या पुलावर प्रत्येकाचं कुणी ना कुणी हरवलेलं निघालं, आई. मोठ्या साहेबांचं तर लग्नाचं अर्धं वऱ्हाडच!

सुंदरराव : मग साहेब काय म्हणले शेवटी? मी तवा च्या प्यायला गेलतो.

राजनंदिनी : पूल रुंद राहणार. दुकानं बाहेरच्या चौकात. वरची मंजुरी यायचीय, पण साहेबांनी स्वतः शिफारस करतो म्हणून सांगितलं. चौकात मी काढलेलं कारंजं तेवढं कापलं त्यांनी.

रुक्मिणीबाई : बरं झालं. कारंज्यात कोण काय धुवंल, नेम न्हाई.

सुंदरराव : चला, जीप लागलीय. उजेडात दिंद्रुड गाठू.

रुक्मिणीबाई : तुमी व्हा पुढं, भावजी. आमच्या ह्यांला सांगा, पिठलं करायला शिका म्हणावं. मी दोन-चार दिस येत न्हाई.

सुंदरराव : म्हंजे? कुठं निघाल्या?

रुक्मिणीबाई : लेकीची मोरी घासायला.

राजनंदिनी : आई! आणि तुझे कपडे?

रुक्मिणीबाई : ह्या पिशवीत काय मी कांदे आणलेत का? सकाळीच भरलेत. बोलले न्हाई. ऐन येळेला धीर सुटला तर फजिती नको म्हणलं.

राजनंदिनी : पण आई, आत्ता अजून जुनाच पूल आहे. नवा व्हायला वर्षं जातील.

रुक्मिणीबाई : म्हाईत हाय. दिसायलाय की हितून.

राजनंदिनी : चढशील?

रुक्मिणीबाई : आत्ता गर्दी न्हाई, तवर चल. नंदे...

राजनंदिनी : काय गं?

रुक्मिणीबाई : खिडकीपाशी जागा मिळंल का?